सुगंधाचा हिशेबनीस

बुलढाण्याच्या अजिंठा डोंगररांगेत पावसाळा सरता सरता तिखाडी गवत फुलावर येते. चुरगाळले की गुलाबाच्या जवळचा वास हाताला राहतो. भारतातल्या या गवताच्या तेलातून १८७१ साली याकोबसन या जर्मन रसायनज्ञाने जिरॅनिऑल वेगळे केले. मात्र अशा असंख्य सुगंधांचा एकत्र हिशेब मांडला तो त्यांचे देशबांधव ऑटो वालाख यांनी.

वालाख यांचा जन्म १८४७ सालचा, क्योनिग्सबर्गचा. वडील सरकारी अधिकारी. डॉक्टरेटनंतर ते बॉनला थोर रसायनज्ञ केकुले यांच्याकडे आले. तेथे १८७९ मध्ये औषधशास्त्र शिकवण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले. प्रयोगशाळेच्या कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या धूळ खात होत्या. त्यांनी त्या मागितल्या. यातून काही निघेल, असे केकुले यांना वाटत नव्हते. तरी त्यांनी परवानगी दिली.

वालाख पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करीत, मिळालेल्या द्रव्याचे स्फटिक बनवून ताडून पाहत. संत्रे, लिंबू आणि शहाजिरे यांच्या तेलांतील तीन नावांची द्रव्ये एकच निघाली: लिमोनीन. एकाच खातेदाराने तीन नावांनी खाती उघडावीत, तसा प्रकार! या कुळातील द्रव्ये पाच कार्बनच्या आयसोप्रीनच्या तुकड्यांतून जुळतात, हेही त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आयुष्यभर अविवाहित राहिलेले वालाख १९३१ साली वारले.

आपल्याला याचे काय? २०२० साली करोनाच्या दिवसांत घरोघर निलगिरीची वाफ आणि कापराच्या पुड्या आल्या. ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूला निलगिरीसारखी काही तेले काचपात्रात निकामी करतात, हे खरे. विषाणूभोवतीच्या स्निग्ध आवरणावर ती बहुधा घाला घालतात. पण काचपात्र म्हणजे माणसाचे शरीर नाही. करोना बरा करणारे तेल सिद्ध झालेले नाही. उलट कापूर किंवा निलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात गेले, तर झटके येऊ शकतात.

शिवाय तेल कोणते? तिखाडीच्याच मोतिया आणि सोफिया या जाती दिसायला सारख्या, तेल मात्र निराळे. म्हणूनच बाटलीवरच्या दाव्याआधी आत काय, किती आणि कशावर तपासले, हे विचारावे. वालाख यांनी त्या कपाटापाशी हेच केले होते.