छी बाइशी

चीन देशातील हूनान प्रांतात, श्यांगटान परगण्यातील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी १८६४ साली छी बाइशी यांचा जन्म झाला. आजोबांनी चुलीपाशी राखेत चिमट्याने अक्षरे काढून त्यांना अक्षरओळख करून दिली. शाळा पुरती एक वर्षही लाभली नाही. गुरे राखावी, सरपण गोळा करावे आणि हाती लागेल त्या कागदावर चित्रे काढावी, असे त्यांचे बालपण गेले. शरीर नाजूक, शेतीची कामे झेपेनात. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी त्यांना सुताराच्या हाताखाली ठेवण्यात आले. पुढे लाकडावरील कोरीव कामात त्यांनी नाव मिळविले.

कामासाठी गेले असता एका घरी त्यांना चित्रकलेचा एक जुना ग्रंथ दिसला. ‘राईएवढी बाग’ अशा अर्थाचे त्याचे नाव. तो उसना आणून त्यांनी दिवसभराच्या श्रमांनंतर, दिव्याच्या उजेडात, पानामागून पान गिरवून काढला. पंचविशी उलटल्यावर त्यांना गुरू लाभले आणि सुताराचा चित्रकार झाला.

चिनी चित्रकाराची साधने थोडकी असतात : कुंचला, दगडावर पाण्यात उगाळलेली शाई आणि पातळ कागद. हा कागद शाई तत्काळ शोषून घेतो. उमटलेली रेषा पुसता येत नाही. म्हणून कुंचला टेकविण्यापूर्वीच अवघा पक्षी मनात उतरलेला असावा लागतो.

लुटारूंच्या उपद्रवामुळे गाव सोडून बाइशी १९१९ साली बीजिंग येथे स्थायिक झाले. सतराव्या शतकातील बादा शानरेन या थोर चित्रकाराच्या धर्तीवर ते मोजक्या रेषांची चित्रे काढीत. बीजिंगच्या लोकांना ती रुचेनात. इतर चित्रकारांच्या निम्म्या किमतीलाही त्यांना गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा चेन शिझेंग या चित्रकार मित्राने त्यांना दुसऱ्याच्या वाटेने न जाता स्वतःची वाट काढण्यास सुचविले. हा मित्र वयाने बारा वर्षांनी लहान होता! बाइशी साठीच्या घरात आलेले, कुटुंबाचा भार शिरावर. अशा वयात बसलेला हात मोडून नवा घडविणे किती कठीण! तरी त्यांनी तो सल्ला मानला आणि सुमारे दहा वर्षे त्यासाठी वेचली. १९२२ मध्ये चेन यांनी त्यांची चित्रे टोकियोच्या प्रदर्शनात नेली. ती भारी किमतीला विकली गेली, आणि मग बीजिंगचे लोकही त्यांच्या दाराशी येऊ लागले. परगावी मान मिळाल्यावाचून घरच्या माणसाची किंमत कळू नये, ही रीत तेथेही होतीच. चेन मात्र पुढच्याच वर्षी वारले.

लालभडक फुले आणि काळ्या शाईची पाने ही आता बाइशींची खूण झाली. कमळाचे पान ते ओल्या, रुंद फटकाऱ्याने काढीत; त्याच चित्रातील चतुराच्या पंखावर मात्र एकेक शीर केसासारख्या बारीक रेषेने उमटे. प्रसिद्ध नट मेइ लानफांग यांच्या घरी पहाटे उमलणाऱ्या एका वेलीची वाडग्याएवढी फुले त्यांनी पाहिली आणि ती चित्रांत आणली. मेजावरील वाडग्यात कोळंबी ठेवून ते तिची हालचाल न्याहाळीत. सत्तरी ओलांडली तरी तिच्या चित्रणात ते फेरफार करीतच होते. शेवटी तिचे पारदर्शक अंग काही थोड्या फटकाऱ्यांत साधले. चित्रात पाणी रंगविलेले नसे, तरी ते दिसे.

१९३७ साली बीजिंग जपानी सैन्याने घेतले. त्या काळात सरकारी अधिकाऱ्यांना चित्रे विकणार नाही, अशी सूचना या वृद्धाने आपल्या दारावर लावली.

१६ सप्टेंबर १९५७ रोजी बीजिंग येथे त्यांचे निधन झाले. त्या वर्षीही त्यांनी पिओनीची फुले रंगविली होती.