पाणी मोजणारे इंजिनिअर : सर विश्वेश्वरय्या

पुण्याच्या नळांस खडकवासल्याचें पाणी येतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या तलावांतील सांठा वाढविण्याकरितां ज्यांनीं आपली बुद्धि खर्चिली, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचें चरित्र थोड्याच विद्यार्थ्यांस माहीत असतें.

म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी हें त्यांचें जन्मगांव. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशांत अभियंतादिन म्हणून पाळला जातो. वडील लवकर वारले. घरची स्थिति बेताची. बंगलोरास मुलांच्या शिकवण्या करून त्यांनीं १८८१ सालीं बी. ए. ची पदवी मिळविली. पुढें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें दाखल झाले, १८८३ सालीं इंजिनिअरिंगच्या परीक्षेंत पहिले आले आणि १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत नोकरीस लागले.

खडकवासल्याचें धरण त्यापूर्वींच बांधलेलें होतें. पावसाळ्यांत तलाव भरला म्हणजे जास्त पाणी सांडव्यावरून वाहून जाई, आणि उन्हाळ्यांत तेंच पाणी कमी पडे. सगळें धरण उंच करणें फार खर्चाचें होतें. विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर बसवावयाचे असे दरवाजे योजिले, कीं जे सुमारें ८ फूट जास्त पाणी अडवून धरीत, पूर मर्यादेबाहेर चढला म्हणजे आपोआप उघडत आणि तो ओसरतांच आपोआप मिटत. हे दरवाजे १९०३ सालीं बसविण्यांत आले.

आठ फुटांनीं असा काय मोठा लाभ झाला, असें कोणी विचारील. विद्यार्थिमित्रांनो, तो हिशेब आपण दशमान मापांनीं करून पाहूं. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर. म्हणून एक घनमीटर म्हणजे १०० घनसेंटिमीटर, असें कित्येक विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत लिहून मोकळे होतात. घनफळास लांबी, रुंदी व उंची अशीं तीन अंगें असतात, हें ते विसरतात. १०० ला १०० नें व पुन्हां १०० नें गुणावें, म्हणजे १० लक्ष घनसेंटिमीटर होतात. १००० घनसेंटिमीटरांचा एक लिटर. म्हणून एक घनमीटर म्हणजे १००० लिटर.

आतां ८ फूट म्हणजे सुमारें २.४४ मीटर. तलावाच्या पृष्ठभागाचा एकच चौरस किलोमीटर घेतला, तरी तो १० लक्ष चौरस मीटर भरतो. त्यावर एवढ्या उंचीचा थर चढला म्हणजे २४ लक्ष ४० हजार घनमीटर, अर्थात् २४४ कोटि लिटर पाणी वाढलें! पुरुषभर उंचीहून थोडासाच अधिक असा हा थर. पण किती घरांची तहान त्यानें भागेल!

विश्वेश्वरय्यांच्या काळीं हे हिशेब घनफुटांत होत. एक घनफूट म्हणजे सुमारें २८.३ लिटर. आजही धरणांचा सांठा वर्तमानपत्रांत टी.एम.सी. मध्यें, म्हणजे अब्ज घनफुटांत देतात, एक टी.एम.सी. म्हणजे सुमारें २,८३२ कोटि लिटर. दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तीं मापें देशांत क्रमाक्रमानें आलीं. तो बदल पाहावयास विश्वेश्वरय्या हयात होते.

मध्यंतरीं १९१२ ते १९१८ पर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागर हें त्यांच्या कर्तृत्वाचें मोठें स्मारक होय. १९५५ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फोडलें आणि पुणें शहरांत हाहाकार उडाला. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम, म्हणून एक घनमीटराचें १००० किलोग्रॅम; पाठ केलेल्या ह्या ओळीचा अर्थ पुणेकरांस त्या दिवशीं प्रत्यक्ष कळला. पुढें नऊ महिन्यांनीं, १४ एप्रिल १९६२ रोजीं, वयाच्या शंभरीच्या घरांत विश्वेश्वरय्यांनीं इहलोक सोडला.

शाळेंत एक शून्य चुकलें तर एक गुण जातो. धरण बांधणाऱ्याचें शून्य चुकलें, तर खालच्या गांवांचे प्राण धोक्यांत येतात. म्हणून, बालमित्रांनो, गणिताच्या वहींत लिटर आणि घनमीटर लिहितांना त्या पुरुषाची आठवण ठेवा आणि शून्यें पुन्हां एकदां मोजून पाहा.