विष्णू माधव घाटगे

विष्णू माधव घाटगे (जन्म : हसूरचंपू, कोल्हापूर जिल्हा, २४ ऑक्टोबर १९०८, मृत्यू : ६ डिसेंबर १९९१) हे भारतीय विमान-अभियंते व वायुगतिशास्त्राचे अभ्यासक होते. भारतात आरेखन होऊन येथेच मोठ्या संख्येने बांधल्या गेलेल्या 'एचटी-२' या पहिल्या विमानाचे आरेखन त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. त्यानंतर 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आकाराला आले. लढाऊ विमान चालवू इच्छिणाऱ्या भारतीय वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांनी उड्डाणाचे पहिले धडे या दोन विमानांवर गिरवले.

जन्म व शिक्षण

घाटगे यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू या खेड्यात झाला. विद्यापीठीय शिक्षण मुंबई विद्यापीठात घेतल्यानंतर ते उच्च अभ्यासासाठी जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे गेले. वायुगतिशास्त्राच्या अभ्यासाचे ते त्या काळी जगातील अग्रगण्य केंद्र होते. हवेतून जाणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागालगत हवेचा एक पातळ थर कसा वागतो, याची उपपत्ती १९०४ मध्ये मांडणारे लुडविग प्रांट्‌ल तेथे अध्यापन करीत होते. पंखावरून वाहणारी हवा केव्हा पंखाला धरून राहते आणि केव्हा त्याच्यापासून सुटते, याचे उत्तर या उपपत्तीमुळे मिळू लागले. हवा सुटली की पंखाची उचल एकदम घटते आणि विमान कोसळू लागते. प्रांट्‌ल यांच्या मार्गदर्शनाखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली व ते भारतात परतले.

हिंदुस्थान एअरक्राफ्ट व भारतीय विज्ञान संस्था

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. घाटगे या कंपनीत आरंभीच दाखल झाले. १९४१ मध्ये तेथे तयार झालेल्या दहा आसनी ग्लायडरचे आरेखन त्यांच्याच देखरेखीखाली झाले. मात्र दुसऱ्या महायुद्धामुळे लवकरच कारखान्याचा बहुतेक वेळ दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीत जाऊ लागला आणि नव्या आरेखनाला वाव उरला नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान-अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीची जबाबदारी घाटगे यांच्याकडे आली. परदेशी न जाता या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोय त्यामुळे देशात झाली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ते आरेखनाच्या कामासाठी पुन्हा कारखान्यात परतले.

एचटी-२

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाच्या नवशिक्या वैमानिकांना 'टायगर मॉथ' या इंग्रज बनावटीच्या, लाकूड व कापडाच्या दुपंखी विमानावर शिकवले जात असे. त्याची जागा घेण्यासाठी घाटगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एचटी-२ चे आरेखन केले. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी या विमानाचे पहिले उड्डाण केले.

एचटी-२ हे धातूचे, एकपंखी, खालच्या बाजूस पंख असलेले विमान होते. त्यात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन होते. शिकाऊ वैमानिक व प्रशिक्षक यांची आसने एकामागे एक होती आणि दोघांपुढेही नियंत्रणाची पूर्ण साधने होती. शेपटीखाली लहान चाक असल्यामुळे विमान जमिनीवर नाक वर करून उभे राही. त्यामुळे जमिनीवर चालवताना वैमानिकाला समोरचे दिसत नसे, आणि डावी-उजवीकडे नागमोडी वळणे घेत पुढची वाट पाहावी लागे. उतरताना दिशा जराही चुकली तर शेपटी बाजूला फिरून विमान गरकन वळे. पायांनी सुकाणू सतत हाताळण्याची सवय या विमानामुळे अंगवळणी पडे.

या प्रकारची दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. हवाई दलात व नागरी प्रशिक्षण केंद्रांत ती सुमारे तीन दशके वापरात होती. घानाच्या हवाई दलानेही काही एचटी-२ विमाने घेतली.

पुष्पक व कृषक

उड्डाण मंडळांसाठी तयार केलेल्या 'पुष्पक' या दोन आसनी हलक्या विमानाचे पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ रोजी झाले. लहान शहरांतील उड्डाण मंडळांतून नागरी वैमानिक घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुष्पकवरून विकसित झालेले 'कृषक' १९५९ मध्ये प्रथम उडाले. तोफखान्याच्या माऱ्याचे आकाशातून निरीक्षण करण्यासाठी सैन्याने त्याचा उपयोग केला. हवाई निरीक्षणाची ही परंपरा नाशिकजवळच्या देवळाली येथील तोफखाना विद्यालयाशी दीर्घकाळ जोडलेली होती. आज सैन्याच्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारे विद्यालय नाशिक येथेच आहे.

किरण

हवाई दलाने १९४८ मध्ये 'व्हॅम्पायर' ही जेट विमाने घेतली. त्यानंतर शिकाऊ वैमानिकांना जेट इंजिनाची सवय लावणाऱ्या विमानाची गरज वाढत गेली. ही गरज भागवण्यासाठी घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली 'किरण' विमानाचे आरेखन झाले. विंग कमांडर सुरंजन दास यांनी ४ सप्टेंबर १९६४ रोजी त्याचे पहिले उड्डाण केले. १९६८ पासून ते हवाई दलात रुजू होऊ लागले.

किरणमध्ये प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक शेजारी शेजारी बसतात. शिकाऊ वैमानिकाचा हात कोणत्या कळीकडे जातो आणि त्याची नजर कोणत्या मापकावर आहे, हे प्रशिक्षकाला मान न वळवताही दिसते. पंख्याच्या इंजिनापेक्षा जेट इंजिन त्या काळी सावकाश प्रतिसाद देई. दट्ट्या पुढे सरकवल्यानंतर पूर्ण जोर मिळायला काही सेकंद लागत. धावपट्टीकडे येताना वेग कमी पडल्याचे उशिरा लक्षात आले, तर ते काही सेकंद घातक ठरू शकत. त्यामुळे पुढच्या क्षणाची कृती आधीच ठरवण्याची शिस्त जेट वैमानिकाला लावावी लागे. किरणला व्हायपर इंजिन, दाबयुक्त कॉकपिट व संकटसमयी बाहेर फेकणारी आसने होती. पुढे अधिक शक्तिशाली ऑर्फियस इंजिन बसवून शस्त्रप्रशिक्षणासाठी त्याची दुसरी आवृत्ती तयार झाली. १९९६ मध्ये स्थापन झालेले हवाई दलाचे 'सूर्यकिरण' हे कसरतपथक २०११ पर्यंत याच आवृत्तीची विमाने वापरत होते.

प्रशिक्षण विमान, सिम्युलेटर व लढाऊ विमान

घाटगे यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी लढाऊ वैमानिकाच्या शिक्षणाचा क्रम पाहावा लागतो. लढाऊ विमानाचे उड्डाण ठरावीक कार्यपद्धतीने होते. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून तपासणी केली जाते. त्यानंतर कॉकपिटमधील कळा ठरलेल्या क्रमाने लावणे, इंजिन सुरू करणे, तापमान व दाब पाहणे, धावपट्टीवर येणे, उड्डाण, घिरटी, उतरण्याची तयारी आणि इंजिन बंद करणे असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्याची तपासयादी असते. हवेत इंजिन बंद पडणे, आग लागणे किंवा विमान गिरकीत सापडणे अशा आणीबाणीत यादी उघडून वाचायला वेळ नसतो. म्हणून त्या कृती पाठ असाव्या लागतात.

हा सराव जमिनीवर करून घेण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये एक शिक्षणयंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या ऑर्गनच्या भात्यांवरच लिंक यांनी डुलणारी, वळणारी एक पेटी बसवली. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिकांनी झाकणबंद 'लिंक ट्रेनर'मध्ये बसून केवळ मापकांकडे पाहून विमान चालवण्याचा अभ्यास केला. आजच्या सिम्युलेटरमध्ये लढाऊ विमानाचे कॉकपिट हुबेहूब उभारलेले असते आणि भोवतालच्या पडद्यावर धावपट्टी, ढग व रात्र दाखवता येते. इंजिनाला आग लागल्याचा प्रसंग तेथे एकाच दिवसात दहा वेळा घडवता येतो, आणि चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही.

तरीही सिम्युलेटरला मर्यादा आहेत. तीव्र वळण घेताना शरीरावर येणारा, वजनाच्या अनेक पटींचा भार जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये दीर्घकाळ टिकवून धरता येत नाही. खऱ्या आकाशातील भीतीही तेथे नसते. म्हणून जमिनीवरचा सराव व लढाऊ विमान यांच्यामध्ये प्रशिक्षण विमानांची शिडी लागते. त्या शिडीच्या पहिल्या दोन पायऱ्या, म्हणजे एचटी-२ व किरण, घाटगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातच बांधल्या.

राहिलेली पायरी

१९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही नवी कंपनी अस्तित्वात आली. त्याच सुमारास नाशिकजवळ ओझर येथे मिग-२१ विमानांचा कारखाना उभा राहिला. ओझरला बांधलेले मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगापर्यंत जाणारे व ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरणारे विमान होते. किरण व मिग-२१ यांच्यातील अंतर फार मोठे होते. ते भरून काढण्यासाठी हंटर, पोलंडचे इस्क्रा, मिग-२१ ची दोन आसनी आवृत्ती अशी निरनिराळी विमाने वापरली गेली.

१९८२ मध्ये नेमलेल्या ला फाँतेन समितीने किरण व लढाऊ विमान यांच्यामध्ये प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची गरज स्पष्ट केली. 'हॉक' हे ब्रिटिश विमान घेण्याचा करार मात्र २००४ मध्ये झाला आणि २००८ मध्ये ते बिदर येथे हवाई दलात दाखल झाले. मधल्या काळात मिग-२१ च्या अपघातांत अनेक तरुण वैमानिकांचे प्राण गेले. या अपघातांमागे यंत्रातील दोष, पक्ष्यांची धडक, मानवी चूक अशी विविध कारणे होती. मधली पायरी नसणे हेही त्यांपैकी एक कारण मानले जाते. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे सेवानिवृत्त झाली.

सन्मान व निधन

भारत सरकारने १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरवले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था विमान-अभियांत्रिकीतील उल्लेखनीय कार्याबद्दल त्यांच्या नावे पुरस्कार देते. बंगळूर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या सभागृह-संकुलालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वारसा

एचटी-२ नंतर 'एचपीटी-३२ दीपक' हे विमान प्राथमिक प्रशिक्षणासाठी आले. अलीकडे त्याच मालिकेत 'एचटीटी-४०' हे विमान तयार झाले असून त्याचे पहिले उड्डाण ३१ मे २०१६ रोजी झाले. मार्च २०२३ मध्ये हवाई दलासाठी अशा ७० विमानांचा करार झाला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या कारखान्यात 'तेजस मार्क १ए' या लढाऊ विमानाची तिसरी व एचटीटी-४० ची दुसरी उत्पादनसाखळी सुरू झाली. घाटगे यांनी १९५१ मध्ये बंगळूरला ज्या कामाचा पाया घातला, ते प्रशिक्षण विमान बांधण्याचे काम आता नाशिकमध्येही होत आहे, आणि त्याच आवारात लढाऊ विमानही बांधले जात आहे.