रिकाम्या घरांचा शास्त्रज्ञ : मेंडेलीव्ह

आवर्तसारणी म्हटली की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना घाम फुटतो. पण ती रचणाऱ्या दिमित्री मेंडेलीव्ह यांचे चरित्र वाचताना मला रसायनशास्त्राइतकीच एका आईची जिद्द दिसली.

दिमित्रीचा जन्म १८३४ साली सैबेरियातील टोबोल्स्क येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक. पण त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली. मोठ्या कुटुंबाचा भार आई मारियावर पडला. माहेरचा काचेचा कारखाना चालवून तिने घर सावरले. १८४७ मध्ये वडील वारले, पुढच्याच वर्षी कारखाना जळाला. तरीही धाकट्याने शिकलेच पाहिजे, या ध्यासाने ती माउली १८४९ मध्ये त्याला घेऊन दूर मॉस्कोला गेली. विद्यापीठाने प्रवेश नाकारला. तिने सेंट पीटर्सबर्ग गाठले. तिथे १८५० मध्ये, वडील शिकले त्याच अध्यापक संस्थेत त्याला प्रवेश मिळाला. आणि त्याच वर्षी आईने डोळे मिटले.

पुढे मेंडेलीव्ह प्राध्यापक झाले. पाठ्यपुस्तक लिहिताना, तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये कशी मांडावीत हा प्रश्न पडला. अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडता ठरावीक अंतराने तेच गुणधर्म पुन्हा येतात, असे त्यांना आढळले. १८६९ साली सारणी प्रसिद्ध झाली. असे प्रयत्न इतरांनीही केले होते. पण मेंडेलीव्ह यांनी क्रम जुळेना तिथे घर रिकामे ठेवले आणि १८७१ मध्ये अशा तीन घरांतल्या अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्मही सांगून टाकले! नावांसाठी त्यांनी संस्कृतातला ‘एक’ घेतला : एक-बोरॉन, एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, तेच एक-ॲल्युमिनियम. शोधकाने घनता ४.७ मोजली. ती ५.९ च्या आसपास हवी, असे मेंडेलीव्ह यांनी न पाहताच कळवले. धातू शुद्ध करून पुन्हा मोजली, तो खरोखरच ५.९! १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम मिळून उरलेली दोन्ही घरे भरली.

१८८७ मध्ये द्रावणांवरचा ग्रंथ त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला. १८९० मध्ये विद्यार्थ्यांचे निवेदन मंत्र्यांपर्यंत नेल्यावर ते परत आले, तेव्हा त्यांनी विद्यापीठच सोडले. १९०७ साली ते वारले. १९५५ मध्ये सापडलेल्या १०१ व्या मूलद्रव्याला त्यांचे नाव मिळाले. आज सारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याला हे चरित्र धीर देते. रिकामी जागा म्हणजे उणीव नव्हे. तिथे कोणीतरी येणार आहे, हा विश्वास आधी मारियाने मुलावर ठेवला, मग मुलाने सारणीवर.