समुद्रमाता कॅथलीन ड्र्यू-बेकर



शास्त्रज्ञ म्हटले की आपल्याला न्यूटन, एडिसन, जगदीशचंद्र बोस आठवतात. मी आज एका वेगळ्या बाईंची माहिती लिहीत आहे. त्यांनी समुद्रातल्या लाल शेवाळाचे कोडे सोडवले आणि दूरच्या जपानमध्ये किनाऱ्यावरच्या घरांतल्या चुली पेटत्या राहिल्या.

कॅथलीन यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील ली या गावी झाला. शिष्यवृत्ती मिळवून त्या मँचेस्टर विद्यापीठात शिकल्या. १९२२ साली वनस्पतीशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी घेतली आणि तिथेच शिकवू लागल्या. पण १९२८ साली त्यांचे लग्न झाले आणि नोकरी गेली! कारण त्या काळी तिथे लग्न झालेल्या बाईला नोकरीवर ठेवत नसत. दुसरे कोणी असते तर घरी बसले असते. कॅथलीनबाईंनी संशोधन सोडले नाही. दोन मुलांना वाढवत त्यांनी काम चालूच ठेवले.

त्यांचा आवडता विषय होता पोर्फायरा नावाचे लाल शेवाळ. ओले असताना ते तांबूस-जांभळे आणि कागदासारखे पातळ दिसते. वेल्समधली माणसे ते शिजवून खातात. जपानमध्ये ते वाळवून त्याचे पापडासारखे पातळ कागद करतात. त्याला नोरी म्हणतात. त्यात भात गुंडाळून खातात. नोरीत प्रथिने आणि आयोडीन भरपूर असते. आपल्या कोकणातसुद्धा पावसाळ्यात लाटा आपटतात त्या खडकांवर याच कुळातले शेवाळ उगवते.

आता गंमत बघा. जपानी शेतकरी शेकडो वर्षे उथळ समुद्रात बांबू रोवायचे आणि वाट बघायचे. थंडीत शेवाळ आले तर आले, नाही तर नाही. उन्हाळ्यात ते दिसेनासे व्हायचे. त्याचे बी कुठून येते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून लोक त्याला नशिबाचे गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पीक फारच घटले. बियाणेच हातात नाही, तर लावणी करायची कशाची?

इकडे कॅथलीनबाईंनी पोर्फायराचे सूक्ष्म बीजाणू समुद्राच्या पाण्यात शिंपल्यांबरोबर ठेवले. बीजाणू शिंपल्यात शिरले आणि त्यांचे बारीक गुलाबी धागे झाले. या धाग्यांना शास्त्रज्ञ तोपर्यंत वेगळीच वनस्पती समजत होते. तिचे नावही वेगळे होते, काँकोसेलिस. म्हणजे काय, तर दोन्ही एकच! उन्हाळाभर शेवाळ शिंपल्यात धाग्याच्या रूपाने राहते. पाणी थंड होऊ लागले की त्या धाग्यांतून नवे बीजाणू सुटतात, खडकाला किंवा जाळ्याला चिकटतात आणि पुन्हा पाने येतात. हा शोध त्यांनी १९४९ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात छापला.

ही बातमी जपानला पोचली. तिथल्या सोकिची सेगावा आणि इतर संशोधकांनी शोधाचा उपयोग शेतीसाठी केला. आता कालवांच्या शिंपल्यांवर टाक्यांत धागे वाढवतात, मग ते बी जाळ्यांवर धरतात आणि जाळी समुद्रात लावतात. आपण नाही का, आधी भाताची रोपे करतो आणि मग लावणी? अगदी तसेच. नशिबाचे गवत आता हक्काचे पीक झाले.

१९५२ साली इंग्लंडमध्ये शेवाळांचा अभ्यास करणाऱ्यांची संस्था निघाली. तिच्या पहिल्या अध्यक्ष कॅथलीनबाईच होत्या. पण १४ सप्टेंबर १९५७ रोजी अवघ्या ५५ व्या वर्षी त्या वारल्या. त्या जपानला कधीच गेल्या नव्हत्या. तरी तिथले लोक त्यांना विसरले नाहीत. १९६३ साली कुमामोतो भागात उतो येथे समुद्रासमोर त्यांचे स्मारक उभारले. दरवर्षी १४ एप्रिलला लोक तिथे जमतात आणि त्यांना समुद्राची माता म्हणून वंदन करतात.

मला या गोष्टीतली एक बाब फार आवडली. कॅथलीनबाईंनी नोरीच्या धंद्यासाठी शोध लावला नव्हता. शिंपल्यात काय दडले आहे, एवढेच त्यांना बघायचे होते. पण त्यातूनच हजारो मैलांवरच्या माणसांच्या ताटात घास पडला. म्हणून वर्गात कोणी प्रश्न विचारला तर हसू नका. आणि पालकांनो, लग्न ठरले म्हणून मुलीची शाळा सोडवू नका, एवढीच माझी विनंती.

– इयत्ता ७ वी