विश्लेषण : पाट्यांवरचे ते ‘हस्ताक्षर’ कोणाचे? रोजे एक्सकोफाँ आणि ‘मिस्ट्रल’ फॉन्ट

घाईत ब्रशने लिहिल्यासारखी, एकमेकांना चिकटलेली इंग्रजी अक्षरे आपण दुकानांच्या पाट्यांवर, मेन्यूकार्डवर अनेकदा पाहतो. त्यातला ‘मिस्ट्रल’ हा गाजलेला फॉन्ट म्हणजे एका फ्रेंच माणसाचे हस्ताक्षर आहे.

एक्सकोफाँ कोण होते?
रोजे एक्सकोफाँ यांचा जन्म १९१० मध्ये मार्सेचा. ते कायद्याच्या शिक्षणाकडे वळले, पण ओढ चित्रकलेची. त्यामुळे कायदा सोडून त्यांनी पॅरिस गाठले. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्सेतील ‘फोंदरी ऑलिव्ह’ या खिळे पाडणाऱ्या कारखान्यासाठी ते अक्षरे रेखाटू लागले. समोर स्पर्धा होती पॅरिसच्या नामांकित ‘देबर्नी ए पेन्यो’शी. छोट्या कारखान्याला टिकायचे तर वेगळे काही देणे भाग होते.

‘मिस्ट्रल’मध्ये वेगळे काय?
छपाईतली तोवरची बरीच जोडअक्षरी वळणे घोटीव, औपचारिक होती. एक्सकोफाँ यांनी १९५३ मध्ये स्वतःचे रोजचे लिखाण आधाराला घेतले. अडचण धातूची होती. प्रत्येक अक्षराचा खिळा स्वतंत्र, मग ओळ सलग दिसणार कशी? त्यांनी अक्षरांची टोके अशी बेतली, की शेजारी कोणतेही लहान अक्षर आले तरी रेघ जुळावी. कडा मुद्दाम खरबरीत ठेवल्या. नाव दिले दक्षिण फ्रान्समधल्या थंड, सोसाट्याच्या वाऱ्याचे.

तो कुठे शोभतो?
दोन-चार शब्दांच्या मोठ्या मजकुराला. पाटी, वेष्टन, मुखपृष्ठ, निमंत्रण येथे तो आपुलकी आणतो. परिच्छेदभर मजकुरात मात्र डोळे थकवतो. सगळा शब्द कॅपिटलमध्ये लिहिला किंवा अक्षरांत जागा सोडली, की जोड तुटतो आणि फॉन्टचा प्राणच जातो.

त्यांची आणखी कामे कोणती?
‘बांको’, ‘शॉक’ आणि ‘अँटिक ऑलिव्ह’ हे टाइप त्यांचेच. एअर फ्रान्ससाठीही त्यांनी अक्षरे घडवली. १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिम्पिकचे बोधचिन्हही त्यांनीच केले.

मग नाव मागे का पडले?
फोटोटाइपसेटिंग आले आणि धातूच्या खिळ्यांचा धंदा बसला. १९७० च्या दशकाअखेर ‘ऑलिव्ह’चा कारभार आटोपला. १९८३ मध्ये एक्सकोफाँ गेले. पुढे ‘मिस्ट्रल’ मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत असंख्य संगणकांवर पोहोचला. आयता मिळाल्याने तो नको तिथेही वापरला गेला आणि अनेक डिझायनरांना स्वस्त वाटू लागला. २०११ च्या ‘ड्राइव्ह’ या हॉलिवूडपटात मात्र तो गुलाबी रंगात श्रेयनामावलीवर झळकला आणि पुन्हा चर्चेत आला. खिळे गेले, कारखाना गेला. एका माणसाच्या हाताचे वळण मात्र आजही कोणत्याही संगणकाच्या फॉन्टयादीत सापडू शकते.