कच्चे मडके : नामदेवांच्या चरित्रातील एक प्रसंग

कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. काही विद्वान हा मान पंढरपुरास देतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. 1999 साली परभणीपासून निराळ्या झालेल्या आपल्या हिंगोली जिल्ह्यातील मुलामुलींस हे नाव ठाऊक आहेच. परंतु या थोर पुरुषाच्या स्वभावाकडे कोणी फारसे पाहत नाही, म्हणून हा अल्प लेख.

नामदेवांचा जन्म 1270 साली दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी झाला. बालपणची कथा सर्वश्रुत आहे. वडील परगावी गेल्यामुळे नैवेद्याचे काम मुलाकडे आले. देव जेवीत नाही असे पाहताच तो मूर्तीपुढे डोके फोडून घ्यावयास निघाला, आणि त्या हट्टापुढे देवास जेवावे लागले, असे परंपरा सांगते. चमत्कार बाजूस ठेवला तरी मुलाचा स्वभाव येथे स्वच्छ दिसतो. प्रेम करावयाचे ते सर्वस्वाने, आणि त्याचे उत्तर मिळावयाचे ते याच घटकेस. ह्याच उत्कटतेने त्यांचे अभंग जन्मास आले.

आता तेरचा प्रसंग पाहा. गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याविषयी विचारले. त्याने मडके पक्के की कच्चे ते कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग हीच परीक्षा मंडळींची करावी असे ठरले व गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. इतर सर्व निमूट बसले. नामदेव मात्र संतापले. हे मडके कच्चे, असा निकाल झाला.

देवाचा लाडका म्हणून ज्यांची ख्याती, त्यांस चारचौघांत हा अपमान साहवला नाही. ते तडक पंढरीस जाऊन देवापुढे रडले. आमच्या वर्गातही असे होते. सर्वांत तळमळीने शिकणाऱ्या मुलाच्या वहीवर एक तांबडी रेघ ओढावी, तर तोच सर्वांआधी फुरंगटतो. ज्यास अभ्यासाची पर्वा नाही तो हसून जातो. आणि शिक्षक तरी काय निराळे? परीक्षेच्या दिवसांत आमची शिस्तप्रियता कितीदा नुसती चिडचिड होते, हे विद्यार्थी जाणतातच.

देवाने नामदेवांस गुरू करावयास सांगितले, आणि ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे आले. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव पुन्हा उसळले. विसोबांनी शांतपणे सांगितले की, जेथे देव नाही तेथे हे पाय उचलून ठेव. नामदेव पाय फिरवू लागले. जेथे न्यावेत तेथे पिंड उभी. या खेपेस ते भांडले नाहीत. त्यांनी विसोबांस गुरू मानले.

1296 साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्या वियोगाचे वर्णन नामदेवांनी अभंगांत केले आहे. पुढे ते उत्तरेकडे गेले व परभाषेच्या मुलखात पुष्कळ वर्षे राहिले. तळमळ तीच होती, परंतु आता तिला वाट पाहता येत होती. शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक असून 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन तेथेच भरले.

1350 साली नामदेवांनी देह ठेवला. पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील पायरीखाली त्यांची समाधी आहे. येणाऱ्याजाणाऱ्या संतांचे पाय आपल्या मस्तकी लागावेत म्हणून ती जागा त्यांनीच मागून घेतली, असे वारकरी मानतात.